जावयाने धोंडा खाल्ला नाही

कानिफनाथ पोळी खात नाही, ही बातमी रोहिणीने आपल्या आईला फोनवर सांगितली तेव्हा मनकर्णा चुलीपुढे भाकरी थापत होती. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, दोन्ही हात पिठात. बातमी ऐकून हात जागच्या जागी थांबले आणि तव्यावरची भाकरी एका बाजूने काळी झाली. शेवगावच्या त्या वस्तीवर मनकर्णाची भाकरी करपणं ही दर आठवड्याला होणारी गोष्ट नव्हती.

"खात न्हाई म्हंजे?"

"म्हणजे खात नाही, आई. पोळी नको, भात नको, चहात साखर नको. डबा देते तर भाजी संपलेली आणि पोळ्या जशाच्या तशा परत."

"आन पोट?"

"पोट गेलं त्यांचं."

दुसऱ्या कुठल्या सासूला यात आनंद झाला असता. जावई संगमनेरकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. उसाचे ट्रॅक्टर येणार, काट्यावर उभे राहणार, आणि हा खुर्चीत बसून आकडा बघणार. हालचाल काय ती मानेची. त्यामुळे लग्नानंतर त्याचं पोट असं वाढलं होतं की टेबलाशी आधी ते पोहोचायचं आणि मग कानिफनाथ. पण मनकर्णाचा हिशोब वेगळा होता. लग्न झालेल्या पुरुषाचं पोट आपण होऊन जात नाही, कोणीतरी ते घेऊन जातं.

रोहिणीने पुढचं सांगितलं. दोन पँटी शिंप्याकडून आत घेऊन आणल्या. उजाडायच्या आत उठून चालायला जातात. आणि घोरणं बंद झालं. हे शेवटचं तिने अगदी रडकुंडीला येऊन सांगितलं. इतकी वर्षं नवरा घोरतो म्हणून तिला झोप नव्हती, आता घोरत नाही म्हणून नव्हती.

"घोरत न्हाई म्हंजे जागा असतो," मनकर्णा म्हणाली. "जागा असतो म्हंजे इचार करतो. कुनाचा करतो ते बघ."

फोन ठेवला तेव्हा कुंपणापलीकडे तिची धाकटी जाऊ, बायडाबाई, धुणं झटकत उभी होती. धुणं केव्हाच झटकून झालं होतं. तिने फक्त एवढंच सांगितलं की, नवरा घरी जेवेना म्हणजे तो उपाशी राहतो असं कुणी समजू नये. मनकर्णाला राग आला. बायडाबाईने असं बोलावं म्हणून नाही, तर आपल्या मनातलं तिने आधी बोलावं म्हणून.

मनकर्णाचा नवरा बन्सी तिथेच जेवत होता. तो हळूच म्हणाला, "वजन कमी करत आसंल."

"कशापायी? पोरगी बघायला जायचंय व्हय त्याला?"

बन्सी गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. मनकर्णाने त्याच्या ताटात न विचारता तिसरी भाकरी टाकली. बन्सीने तिच्याकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं आणि बायकोची पाठ वळल्यावर अर्धी मोडून मांडीखाली घातली. ती दारातल्या कुत्र्याची. वस्तीवर एवढा गलेलठ्ठ कुत्रा दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि मनकर्णाला त्याचाही अभिमान होता.

खरी गोष्ट अगदी साधी होती. कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या सुमारास तिथे कामगारांची तपासणी झाली आणि कानिफनाथच्या रक्तात साखर निघाली. साखर कारखान्यातल्या माणसाला साखर निघाली म्हटल्यावर काट्यावरचे लोक किती दिवस हसले असते ते सांगायला नको. म्हणून त्याने कुणाला सांगितलंच नाही. संगमनेरच्या डॉक्टरने एक गोळी दिली आणि सांगितलं की, साखर बंद, भात-पोळी-भाकरी जमेल तेवढी कमी, भाजी-अंडी-मटण-लोणी-तूप पोट भरून खा, चालायला लाग आणि वेळेवर येऊन रक्त दाखव. त्याने ते सगळं इमानाने केलं. वजन उतरलं, जिना चढताना लागणारी धाप गेली, दुपारची पेंग गेली. बायकोला मात्र तो एवढंच म्हणाला की, वजन कमी करतोय. कारण तिच्या कानात सकाळी पडलेली गोष्ट दुपारच्या आत शेवगावला पोहोचते, आणि शेवगावला पोहोचलेली गोष्ट कुठवर जाते याला काही हद्द नाही.

हे शेवगावला माहीत नव्हतं. तिथे एवढंच माहीत होतं की जावई वाळत चाललाय, गालात हसतो आणि घरचं खात नाही.

अशात धोंड्याचा महिना आला. अधिकमास तीन वर्षांनी एकदा येतो, आणि त्या महिन्यात जावयाला नारायण समजून जेवायला घालतात. कणकेच्या गोळ्यात पुरण भरून केलेले धोंडे त्याच्या ताटात वाढायचे, वर तुपाची धार धरायची आणि वाण द्यायचं. मनकर्णाने लगेच निरोप धाडला. नारायणाचं ती बघणारच होती, पण तिला आधी जावयाचं बघायचं होतं. पाटावर बसलेला माणूस लपवालपवी करू शकत नाही, असं तिचं मत होतं.

कानिफनाथ आणि रोहिणी सकाळच्या गाडीने आले. जावई फाटकातून आत आला आणि मनकर्णाने त्याला ओळखलंच नाही, आधी तिला वाटलं लाइटचं बिल वाटणारा आलाय. सदरा खांद्यावरून लोंबत होता. चेहऱ्यावर तजेला होता, आणि तोच तिला सगळ्यात जास्त खटकला. आजारी माणूस वाळला तर तोंड उतरतं. ह्याचं उजळलंय.

चहा आला. कानिफनाथने कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"मामी, बिनसाखरेचा मिळेल का?"

बिनसाखरेचा चहा वस्तीवर फक्त मयताच्या घरी, साखर आणायला कुणी गेलेलं नसेल तेव्हा, असा कधीतरी व्हायचा. मनकर्णाने कप उचलला. कुंपणापलीकडून बायडाबाई एक ताम्हण मागायला आली आणि मग ताम्हण घेऊन इथेच बसली.

दुपारी पाट मांडले. बन्सीने परातीत जावयाचे पाय धुतले, मनकर्णाने गंध लावलं. पाहुणे, भाऊबंद असे चार-दोन लोक पंगतीला होते. मनकर्णाचा मुलगा कल्याण वाढत होता. तो टेम्पो चालवायचा आणि वाढायचाही टेम्पोच्या वेगाने, एका फेरीत त्याने दाजींच्या ताटात धोंड्यांचा ढीग घातला. मनकर्णाने वर तूप ओतलं. ते तूप चंद्रीच्या दुधाचं होतं, आणि तिने तसं सगळ्यांना सांगितलंही.

चंद्री ही मनकर्णाची म्हैस. कपाळावर पांढरा चांद म्हणून चंद्री. तिची आई ती वितभर असताना मेली आणि मनकर्णाने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं, पोटच्या पोरांना जेवढं बोलली नाही तेवढं तिच्याशी बोलली. चंद्री दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. कल्याणच्या गुडघ्यावर तिच्या लाथेची खूण होती आणि बायडाबाईच्या एका लुगड्याला शिंगाचं भोक होतं. मनकर्णाने दोन्हींची वास्तपुस्त कधी केली नव्हती.

सगळे जावयाच्या पहिल्या घासाची वाट बघत होते. कानिफनाथने ताटाकडे पाहिलं. मग त्याने धोंडे हाताने अलगद ताटाच्या कडेला सारले आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मामी, धोंडे राहू द्या."

पंगत गार झाली.

याला कारण होतं. हेच शब्द, याच आवाजात, कानिफनाथ आपल्या लग्नातल्या पंगतीला बोलला होता. मित्रांनी शिकवून ठेवलं होतं, नवरदेवाने पहिल्या घासाला रुसायचं असतं. तो हात बांधून बसला, "राहू द्या" म्हणाला, आणि बन्सीने पळत जाऊन गावातून घड्याळ आणून मनगटावर बांधलं तेव्हा कुठे जिलबी मोडली. तेव्हापासून या घरात जावयाच्या "राहू द्या"चा अर्थ एकच होता.

बायडाबाई मनकर्णाच्या कानाशी वाकली. "रुसलाय, आक्का."

"दिसतंय मला. मी काय आंधळी न्हाई."

वाणात द्यायची म्हणून अंगठी केलेलीच होती. ती जेवण झाल्यावर द्यायची होती, मनकर्णाने आत्ताच कल्याणला खूण केली. कल्याणने डबी उघडून दाजींच्या बोटात अंगठी सरकवली. कानिफनाथ लाजला, "कशाला एवढं" म्हणाला, आणि भाजी घ्यायला हात खाली केला तशी अंगठी बोटातून निसटून कटाच्या आमटीत पडली. माप लग्नातलं होतं आणि बोट आताचं. त्याने ती आमटीतून काढली, पुसली आणि पाटाशेजारी ठेवून दिली. सोय म्हणून ठेवली. पण पाहणाऱ्यांनी पाहिलं ते एवढंच की, जावयाने अंगठी उतरवून बाजूला ठेवली.

"दाजी, मोबाईल पाहिजे का?" कल्याणने न राहवून विचारलं.

"नको रे. मला काही नको. लोणी आहे का थोडं?"

लोणी आलं. त्याने ते भाजीबरोबर सगळं खाल्लं. वांग्याची भाजी दोनदा घेतली, काकडी घेतली, तूप तर वाटीत मागून घेतलं. धोंडे मात्र कडेला तसेच. मनकर्णाला काही उलगडेना. रुसलेली माणसं तिने जन्मात पुष्कळ पाहिली होती, पण लोणी मागून खाणारा रुसलेला माणूस पाहिला नव्हता.

जेवण झाल्यावर कानिफनाथ शतपावली करायला म्हणून गोठ्याकडे गेला. डॉक्टरने जेवणानंतर चालायला सांगितलं होतं. मनकर्णा भिंतीआड उभी राहिली. ती चोरून ऐकत नव्हती, गोठा तिचा होता.

कानिफनाथ चंद्रीपुढे उभा राहिला आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. मनकर्णा शिंगाची वाट बघत होती. चंद्रीने शिंग उगारलं नाही. तिने मान पुढे केली आणि जावयाचं मनगट चाटलं. मीठ असेल घामाचं, पण मनकर्णाला ते लागलं. जनावरसुद्धा फितूर झालं.

बन्सी शेजारी बाजेवर बसला होता. कानिफनाथने त्याला विचारलं, डेअरीत हिच्या दुधाला फॅट किती लागतं, लोणी किती निघतं, परत कधी विणार. सगळं अगदी जीव लावून विचारलं. मग चंद्रीची पाठ थोपटत म्हणाला, "मामा, अशी म्हैस आमच्याकडं असती ना, तर मला दुसरं काहीच लागलं नसतं."

मनकर्णा भिंतीआडूनच घराकडे वळली.

आता सगळं जुळलं होतं. अंगठी का नको, मोबाईल का नको, लोणी का मागितलं. ही चंद्रीवरची नजर होती. बायडाबाईला सांगायची गरजच पडली नाही, ती ताम्हणासकट मागे उभी होती.

घरात रोहिणी भांडी विसळत होती. मनकर्णाने तिला समोर बसवून सरळ विचारलं की, तुला तो नीट नांदवतो की नाही. रोहिणी डोळे पुसून म्हणाली, "भांडत नाही, आई. मारणं तर सोडच, आवाजसुद्धा चढवत नाही. पण माझ्या हातची पोळी खात नाही. मी रोज करते आणि रोज ती परत येते. मला वाटतं एक दिवस मलाच असं डब्यात घालून परत पाठवतील."

भाऊबंद काय बोलतील ते मनकर्णाला आत्ताच ऐकू येत होतं. ज्या तोंडांना ती इतकी वर्षं उत्तरं देत आली, ती सगळी तोंडं एकदम उघडली असती की, मनकर्णाची लेक माघारी आली. दुसऱ्या बाजूला चंद्री. मनकर्णा एकदा उठून गोठ्यात गेली, चंद्रीच्या गळ्याखाली खाजवलं, तिला काहीतरी सांगितलं आणि पदराने नाक पुसत परत आली.

"कल्याण, टेम्पो मागं लाव."

"आई, अगं पण..."

"लाव म्हनले ना."

बन्सीने तोंड उघडलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

कानिफनाथ अंगणातल्या लिंबाखाली जरा पडला होता. गलबल्याने उठून बसला तर समोर टेम्पो उभा, म्हशीला नवं दावं, शिंगांना हळदकुंकू, आणि पंगतीला आलेले सगळे लोक गोल करून उभे. त्याला वाटलं, म्हैस विकली. तो हळहळून काही बोलणार, तोच मनकर्णा पुढे आली. तिने दाव्याचं टोक त्याच्या हातात दिलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि तांब्यातलं पाणी सोडलं.

"मामी, हे काय?"

"वान."

कानिफनाथ हसला. मग आपण एकटेच हसतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"अहो मामी, आम्ही वरच्या मजल्यावर राहतो."

"मग चढवा वर. गॅलरीत बांधा नायतर दिवानखान्यात बसवा. तुमी मागितली, आमी दिली. आता त्या पोरीला नीट नांदवा आन रुसवा सोडा."

"मी कुठं रुसलोय?"

"धोंडा सारला कुनी मग? अंगठी उतरवली कुनी?" आवाज तिचा होता तसाच होता, पण दावं सोडलेला हात अजून हवेत होता. "माझ्या लेकीच्या हातची पोळी माघारी धाडतं कोन? जावईबापू, म्या ह्या म्हशीला बाटलीनं दूध पाजलंय. ती बी दिली. आता आनखी काय पाहिजे ते येकदाच सांगा."

कानिफनाथने रोहिणीकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती. त्याने बायडाबाईकडे पाहिलं, ती ताम्हण छातीशी धरून पुढे सरकली. मग त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "मला शुगर निघालीय."

चंद्रीने शेपटी हलवली.

मग त्याने सगळं सांगितलं. तपासणीपासून शिंप्यापर्यंत. पीठ आणि गोड सोडल्यापासून साखर उतरत आलीय, डॉक्टर म्हणालेत अशीच राहिली तर पुढच्या वेळी गोळी निम्मी करू. पँट आत घेतली ती पोट गेलं म्हणून, घोरणं थांबलं ते वजन उतरलं म्हणून. पोळीवर राग नाही. पोळी आवडते हीच तर पंचाईत आहे. एक खाल्ली तर चार खातो, म्हणून एकही खात नाही.

"आणि मला का नाही सांगितलं?" रोहिणी म्हणाली. रडता रडता ती आता चिडली होती आणि तिला ते जास्त शोभत होतं.

कानिफनाथची नजर हळूच सासूच्या कमरेला खोचलेल्या मोबाईलकडे गेली. तिच्या मागोमाग सगळ्यांची गेली. मनकर्णाने मोबाईलवर पदर ओढला.

"दुखनं लपवत्यात व्हय?" ती म्हणाली, पण मघाचा जोर त्यात राहिला नव्हता.

बायडाबाई म्हणाली की, साखरेच्या कारखान्यात राहून साखर नाही लागणार तर काय होणार, हवेतूनच जात असेल. तिचं कुणी ऐकलं नाही.

आता प्रश्न उरला चंद्रीचा. कानिफनाथ दावं पुढे करून म्हणाला की, मामी, घ्या बाई तुमची म्हैस, माझं तसं काही म्हणणं नव्हतं. मनकर्णाचा हात पुढे आलाही होता. पण तिने तो मागे घेतला. पाणी सोडून झालं होतं. अधिकातलं वाण दिलं की दिलं, ते परत घेणाऱ्या बाईला वस्तीवर तिने स्वतःच एकदा नावं ठेवली होती, आणि ती बाई बायडाबाई होती.

"दिलेलं वान मी माघारी घेत न्हाई," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून निघालं तेव्हा सगळ्यात जास्त वाईट तिलाच वाटलं.

टेम्पोचं फाळकं खाली, म्हैस वर चढेना, जावई घेईना, सासू परत घेईना. कल्याण म्हणाला की, कुणीतरी काहीतरी ठरवा, मला भाडं आहे. तेव्हा एवढा वेळ बाजेवर बसलेला बन्सी खाकरला.

"अर्धलीनं ठिवा की."

अर्धलीचा व्यवहार तिकडे सगळ्यांना माहीत असतो. जनावर एकाचं, सांभाळणारा दुसरा. वैरण, शेण, राबणूक सांभाळणाऱ्याची, आणि होईल त्या उत्पन्नात निम्मा वाटा मालकाचा. ज्याच्याकडे स्वतःचं जनावर घ्यायची ऐपत नसते तो दुसऱ्याचं अर्धलीने सांभाळतो.

"बरोबर," कानिफनाथ एकदम म्हणाला. "म्हैस माझीच. वाण मी घेतलं. आता मी ती मामींकडं अर्धलीनं ठेवतो. दूध तुमचं घ्या, मला फक्त लोणी पाठवा. आणि तूप." मग त्याला आठवलं. "आणि पुढचं वासरू निम्मंनिम्मं."

लोक हसायला लागले. मनकर्णा हसली नाही. जी म्हैस तिने बाटलीने वाढवली, तिच्यावर ती आता जावयाची गडी झाली होती. बायडाबाईने तर मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "म्हंजे आक्का, तुमी आता जावयाची म्हैस राखनार व्हय?"

"राखीन. तुझ्यावानी दुसऱ्याचं ताम्हन तर राखत न्हाई ना."

धोंड्याचं तेवढं बाकी होतं. ताट तसंच पडलेलं होतं आणि नारायणाला उपाशी पाठवता येत नव्हतं. कानिफनाथने एका धोंड्याचा नखाएवढा तुकडा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटून पुष्कळ वेळ चघळला, आणि उरलेल्या ढिगाकडे परत पाहिलंही नाही. तो ढीग मनकर्णाने चंद्रीपुढे ठेवला. जावयाने नाही तर जावयाच्या म्हशीने खाल्ले.

संध्याकाळच्या गाडीला पाहुणे निघाले तेव्हा रोहिणी नवऱ्याच्या बाजूला बसून, तुम्हाला उद्यापासून अंडी कशी करून देऊ, ते विचारत होती. अंगठी दोरा गुंडाळून तिच्या बोटात होती. मनकर्णाला बरं वाटलं. पण गाडी वळणाआड गेल्यावर ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. दुखणं खरं असेल, तपासणी खरी असेल, डॉक्टरही खरा असेल. पण आला तेव्हा त्याच्याकडे म्हैस नव्हती आणि गेला तेव्हा होती, हेही खरं होतं. काट्यावरचा माणूस. काय किती उतरतं ते त्याला बरोबर कळतं.

पुढे कल्याणचा टेम्पो संगमनेरकडे निघाला की त्यात लोण्याचा डबा जाऊ लागला. मनकर्णा तो स्वतः बांधायची आणि बांधताना एवढं बोलायची की डब्यातलं लोणी पातळ व्हावं. रोहिणीचे फोन येत होते. जावई पुन्हा रक्त दाखवून आला आणि गोळी निम्मी झाली. तो आता झोपतो आणि तीही झोपते. मनकर्णाने हे वस्तीवर कुणाला सांगितलं नाही. बायडाबाई सोडून.

अशातच एका संध्याकाळी बन्सी जेवायला बसला. मनकर्णाने पहिली भाकरी वाढली, दुसरी वाढली आणि तिसरी उचलली. बन्सीने ताट हाताने हळूच मागे सारलं.

"राहू दे."

मनकर्णाचा भाकरीचा हात तसाच राहिला. एवढ्या संसारात हा शब्द या माणसाच्या तोंडून निघाला नव्हता. तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. रुसलाय म्हणावं तर तोंड रुसल्यासारखं नव्हतं.

"काय पाहिजे?" तिने संशयाने विचारलं.

"काय न्हाई. भाकरच नको. दोन बी जास्त होत्यात." मग, आता सुरुवात केलीच आहे म्हणून, तो पुढे बोलला. तळपायाला मुंग्या येतात. त्या दिवशी पाहुणे निघताना जावयाला हळूच विचारलं होतं. परवा कल्याणबरोबर जाऊन रक्त देऊन आलो. निघाली.

"मला का न्हाई सांगितलं?"

बन्सीने तिच्या कमरेच्या मोबाईलकडे पाहिलं.

मनकर्णाने हातातली भाकरी परत टोपल्यात टाकली. ताटातली एक उचलली. मग थोडा विचार करून उरलेलीतली अर्धी मोडून घेतली. दारात कुत्रा उभा होता, त्याने शेपूट हलवली.

"म्हंजे एवढी वर्सं तिसरी भाकर जात कुठं हुती?"

मनकर्णाने कुत्र्याकडे पाहिलं. त्याच्या पोटाकडे पाहिलं. कुत्रा हळूच अंगणात निघून गेला.

ती उठली, शिंक्यावरून लोण्याचं गाडगं काढलं, नवऱ्यापुढे ठेवलं आणि त्याने हात घालायच्या आत त्यावर आपला तळवा ठेवला.

"लोनी जावयाचं हाय. खायच्या आदी इचारा."

बन्सीने खरंच ताटावरूनच फोन लावला. आणि जावई काय म्हणतो ते नीट ऐकू यावं म्हणून मनकर्णाने चुलीतलं तडतडणारं लाकूड मागे ओढलं.